उबुंटूच्या क्लाउड इमेजचा डीफॉल्ट पासवर्ड काय?

खटपट्या:
घरच्या जुन्या डेस्कटॉपवर केव्हीएम (एका संगणकात आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवायची लिनक्सची सोय) टाकलंय. उबुंटू 22.04 ची क्लाउड इमेज (आधीच बसवून तयार असलेली डिस्कची प्रत) उतरवली, व्हीएम सुरू झालं, लॉगिन प्रॉम्प्ट आला आणि तिथेच गाडी अडली. यूजर उबुंटू, पासवर्ड उबुंटू टाकला, रिकामा ठेवून पाहिला, 'लॉगिन इनकरेक्ट'. खरा पासवर्ड कोणता?

रूटकाका:
कुठलाच नाही, शोधणं सोडा. इमेजमध्ये तो यूजरसुद्धा नसतो. पहिल्या बूटला क्लाउड-इनिट (इमेजमधला सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्रॅम) त्याला तयार करतो, तोही पासवर्ड लॉक करूनच. शॅडो फाइलमध्ये (इथे पासवर्ड नाही, त्यांचे हॅश, म्हणजे त्यांच्यापासून गणिताने काढलेले ठसे, असतात) त्याच्या नावापुढे '!' दिसेल. काहीही टाइप करा, त्याचा हॅश '!' ने सुरू होणार नाही, म्हणजे जुळायचा प्रश्नच नाही. आत जायचं ते एसएसएच (दुरून सुरक्षित लॉगिन) कीने: खाजगी की तुमच्याकडे, तिची जोडीदार पब्लिक की व्हीएमवर.

तुम्ही सीड आयएसओ (क्लाउड-इनिटला सूचना देणारी सीडीची फाइल) जोडलेली दिसत नाही. यूजर-डेटा आणि मेटा-डेटा अशा दोन फाइली करा, 'सीआयडाटा' लेबलच्या आयएसओत घाला, व्हीएमला सीडी म्हणून लावा. यूजर-डेटाची पहिली ओळ '#क्लाउड-कॉन्फिग' हवीच (अर्थात इंग्रजी अक्षरांत), नाहीतर खालचं सगळं वाया. त्याखाली तुमची पब्लिक की. कन्सोलसाठी पासवर्डही देता येतो, पण मुद्दाम काही बदललं नाही तर पहिल्याच लॉगिनला तो बदलायला लावतो. लावू द्या.

पायप्रेमी:
रास्पबेरी पायवर (छोटा, स्वस्त संगणक) बरं होतं, यूजर पाय, पासवर्ड रास्पबेरी. एप्रिल 2022 मध्ये तेही काढून टाकलं.

रूटकाका:
बरं कसलं! 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरससारख्या प्रोग्रॅमने कॅमेरे नि राउटर असल्याच ठरलेल्या जोड्या टाकून ताब्यात घेतले होते. काढलं ते उत्तम झालं.

खटपट्या:
काका, आयएसओ लावली, आत शिरलो! आता दुसरं. मित्राला खातं दिलं होतं, काम संपलं म्हणून त्याचा पासवर्ड लॉक केला. पठ्ठ्या तरीही एसएसएचने येतोय.

रूटकाका:
येणारच. लॉक झाला तो पासवर्ड, खातं नाही. तुमचं स्वतःचं खातंही लॉक पासवर्डवरच चालतंय ना? त्याच्या खात्याची मुदत संपवा, 'यूजरमॉड' (खातं बदलायची कमांड) ला एक्स्पायरीची मागची तारीख द्या. त्याच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमधली (कुठल्या कीने आत येता येतं त्याची यादी) की उडवा. आणि आधी 'हू' (कोण लॉगिन आहे ते दाखवणारी कमांड) चालवून बघा, आत्ता तो आत बसलेला असेल तर यातल्या कशानेही बाहेर पडणार नाही, सेशन मारावं लागेल.