एक तवसं म्हणजे किती?

ग्रुप: बायची मंडळी (बाय म्हणजे आजी)
रविवार

आप्पा: शुभ सकाळ. (गुलाबाचा फोटो)

मुक्ता: फोटो
मुक्ता: धोंडस केलं होतं, आपला तवशाचा केक. मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या गणपतीला न्यायचं म्हणून आधी घरी करून बघितलं. सुरी आत जात नाहीये.

सुहासदादा: धोंडस नव्हे, धोंडा झालाय.

मुक्ता: दादा, हसू नकोस. काकूंनी लिहून दिलं तसंच केलं, एक अक्षर बदललं नाही.

नंदाकाकू: अगं असं कसं झालं, काल इथे केलं ते लोण्यासारखं झालं होतं. काय काय घातलंस सांग बरं

मुक्ता: एक तवसं, दीड वाटी तांदळाचा रवा, दीड वाटी गूळ, पाऊण वाटी खोबरं, चिमूट मीठ, हळद, वेलची. तवसं, म्हणजे ती कोकणातली मोठी काकडी, इथे मिळत नाही, साधी काकडी घेतली. १८० वर ४५ मिनिटं ठेवलं.

शमाआत्या: आधी नाव नीट घ्या. त्याला तवसळी म्हणतात.

नंदाकाकू: वन्सं, तुमच्या वेंगुर्ल्यात म्हणत असतील, राजापुरात धोंडसच. आणि तुम्ही पण लग्नाआधी धोंडसच म्हणत होतात

शमाआत्या: लग्नाआधी मी बरंच काही म्हणत होते.

विजूकाका: मुक्ता, कोकणात हे ओव्हनमध्ये नव्हतं होत गं. जाड पितळेचं पातेलं, खाली मंद निखारे, झाकणावर पण निखारे. वरखाली विस्तव. आई रात्री जेवणं आटोपली की चुलीवर ठेवून द्यायची आणि सकाळी त्याच्या वासाने जाग यायची. तळाला जी खरपूस खरवड लागायची तिच्यावरून माझी आणि आप्पांची मारामारी.

आप्पा: मारामारी नाही. तू लहान म्हणून मी सोडून द्यायचो.

विजूकाका: हे नवीनच ऐकतोय.

अनघावहिनी: मुक्ता, काकडी किती मोठी होती?

मुक्ता: सुपरमार्केटमधली नेहमीची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असते ना, लांबडी. साडेतीनशे ग्रॅम असेल.

सुहासदादा: हं. आई-बाबांच्या घरी गेलो होतो तेव्हा तिथल्या वेलाचं तवसं पिशवीतून आणलं होतं. माझ्या पिशवीचा बंद तुटला.

नंदाकाकू: धोंडसाला आम्ही जून झालेलं पिवळसर घेतो, कमीत कमी पाऊण किलोचं. साल, बिया, मधला गर काढून पण किस पाण्यासकट ३ वाट्या भरतो

मुक्ता: काकूऽऽऽ. हे लिहिलं असतंत तर!

नंदाकाकू: अगं पण तवसं म्हणजे तवसंच ना, त्यात काय लिहायचं

सुहासदादा: सापडलं. सगळं वाटीने मोजलंय, एक तवसंच तेवढं नगावर. आणि तेच सगळ्यात लहानमोठं होणारं. काकूंकडे किस ३ वाट्या आणि रवा दीड, म्हणजे रव्याच्या दुप्पट किस. मुक्ता, तुझा किस किती झाला?

मुक्ता: दीड कप असेल. वाटी नव्हती म्हणून सगळं मेजरिंग कपने घेतलं. अडीचशे मिलीचा.

सुहासदादा: म्हणजे रव्याइतकाच किस. अर्धंच पाणी मिळालं रव्याला. कप मोठा की वाटी लहान त्याने फरक पडत नाही, सगळं एकाच मापाने घेतलं की झालं. तू तवशाला वेगळं माप लावलंस.

अनघावहिनी: आणि रवा कुठला घेतलास? तांदूळ धुऊन, वाळवून, जाडसर दळलेला?

मुक्ता: इंडियन स्टोअरमधला इडली रवा.

अनघावहिनी: तो उकडा तांदूळ असतो, दाणाही जाड. त्याला पाणी जास्त लागतं आणि भिजायला वेळही. दोन्हीकडून कोरडं पडलंय ते. साधा तांदूळ दोनतीनदा धू, सुती कापडावर सावलीत वाळव, अगदी कडकडीत नको, हाताला किंचित दमट लागला तरी चालेल, आणि मिक्सरला थांबत थांबत फिरव. इडलीच्या रव्यापेक्षा बारीक, पिठापेक्षा जाड.

ओंकार: मला पण मदत हवीये. बंगळुरूला येऊन महिना झाला. आईने कुळथाचं पीठ दिलंय. काल पिठी केली, गोळ्यांचं सूप झालं.

नंदाकाकू: उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलंस ना, खरं सांग

ओंकार: हो.

नंदाकाकू: फोनवर तीनदा सांगितलं होतं. ३ मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालव, गुठळी राहता कामा नये. तेलात मोहरी हिंग हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. मग अडीच वाट्या पाणी, २ आमसुलं, मीठ. उकळी आली की एका हाताने ओत आणि दुसऱ्या हाताने ढवळ. ५-७ मिनिटं उकळू दे, कच्चा वास गेला पाहिजे. पातळ वाटली तरी पीठ वाढवू नको, गार होताना घट्ट होते

ओंकार: ओके. बाकी चव ठीक होती पण लसूण फार झाला. तू ४ लसूण म्हणाली होतीस.

नंदाकाकू: ४ पाकळ्या रे

ओंकार: अच्छा. मी ४ गड्डे सोलले. एक तास गेला.

शमाआत्या: अगबाई!

सुहासदादा: ऑफिसात शेजारी कोणी बसलं का रे?

ओंकार: आज घरून काम करतोय.

विजूकाका: नगावर मोजायचं म्हटलं की असंच होतं. पूर्वी निदान मापं तरी ठरलेली होती. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. बाय अजून भाजणीचं धान्य मापट्यानेच घेते. किलोत सांगितलं की तिला कळत नाही आणि मापट्यात सांगितलं की आम्हाला.

मुक्ता: काकू, बायची वाटी किती मिलीची आहे ते बघता येईल का? ती नाव कोरलेली पितळी? आता मला ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही.

सुहासदादा: आत्ताच सांगितलं ना, वाटीने फरक पडत नाही.

मुक्ता: वेलची, मीठ, तूप चमच्याने आहे ना दादा! आणि इथला टेबलस्पून २० मिलीचा असतो. तुमच्याकडे १५ चा.

सुहासदादा: हे मात्र माहीत नव्हतं.

नंदाकाकू: थांबा. वजनकाटा नाही घरात. बघते कशाने मोजायचं ते

(अर्ध्या तासाने)

नंदाकाकू: बायच्या खोकल्याच्या औषधाच्या टोपणावर १० ची खूण आहे. टोपणाने पाणी घातलं. वाटी १५ टोपणांत काठोकाठ भरली

सुहासदादा: १५० मिली. काकू, तुम्ही इंजिनीअर व्हायला हवं होतं.

नंदाकाकू: बाय विचारतायत काय चाललंय म्हणून. सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं व्हॉइसमध्ये पाठवते, मुक्ताला तिथे नीट ऐकू जायचं नाही म्हणून खाली लिहिते पण

नंदाकाकू: बाय म्हणतायत: "गो मुक्ता, वाटी कसली मोजत बसलीस? तवशाला पाणी किती ते वेलाला तरी माहीत असतं का? रवा घातलास की डाव उचलून बघायचा. डावातून आपसूक पडलं पाहिजे. झटकून पाडायला लागलं तर पाणी कमी, धार लागली तर जास्त. कमी वाटलं तर नारळाचं दूध घाल, साधं पाणी नको."

मुक्ता: हे सोनं आहे. हेच पाहिजे होतं मला.

अनघावहिनी: माझं एक विचारा ना काकू. मी गेल्या वर्षी पाव चमचा सोडा घातला होता, हलकं व्हावं म्हणून. बायना चालेल का?

नंदाकाकू: बाय म्हणतायत सोडा कशाला, तो काय पाव आहे फुगायला

अनघावहिनी: मलाही नाहीच आवडलं तसं. वर मध्येमध्ये लालसर ठिपके आले. सोडा आणि हळद एकत्र आले की हळद लाल होते ना, तसं. आमच्या सोसायटीतल्या एकीने विचारलं, यात बीट आहे का?

शमाआत्या: हळद घालायचीच नाही मुळी. हळदीची पानं पातेल्याच्या तळाला आणि वर. वास बघा मग.

नंदाकाकू: वन्सं, मेलबर्नला हळदीची पानं कुठून आणायची तिने

शमाआत्या: तिला नाही गं म्हणत, तुला म्हणतेय. परसात हळद उभी आहे आणि डब्यातली घालतेस.

विजूकाका: आमच्याकडे ओव्हन नाही त्यांनी काय करायचं, यावर कोणी बोललं नाही. मी कुकरमध्ये करतो. तळाला जाडं मीठ, त्यावर स्टँड, झाकणाची रिंग आणि शिटी काढून १० मिनिटं तापवायचा आणि मग डबा आत. पण त्यासाठी जुना कुकर वेगळा ठेवा. मी रोजच्या कुकरमध्ये केलं, पाणी नाही आणि तासभर गॅसवर. तळ काळा पडून वाकला. तुमची काकू आठवडाभर वरण पातेल्यात शिजवत होती आणि माझ्याशी बोलत नव्हती.

सुहासदादा: काका, जाड तव्यावर पातेलं ठेवून मंद आचेवर का नाही करत? झाकणावर निखाऱ्यांऐवजी काही नाही ठेवलं तरी खालून खरपूस होतं.

विजूकाका: वरची बाजू पांढरी राहते रे. भुतासारखी. भट्टीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. डोंबिवलीत आमच्या सुरुवातीच्या दिवाळ्यांत नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीत न्यायचो. तिथे पत्र्याचे ट्रे मिळायचे, आपणच वळून लावायचे, चिठ्ठीवर नाव लिहून ट्रेला चिकटवायचं. रात्री १२ पर्यंत रांग. एका वर्षी चिठ्ठ्या उष्णतेने सुटल्या आणि आमच्या घरी कोणाची तरी वेलचीवाली आली. आमच्यापेक्षा दसपट चांगली होती. कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही फार शोधलंही नाही.

ओंकार: नानकटाईचं प्रमाण द्या ना कोणीतरी. फ्लॅटमेटकडे छोटा ओव्हन आहे.

अनघावहिनी: तू आधी पिठी नीट कर. बरं, हे घे. १ वाटी मैदा, पाव वाटी बेसन, २ चमचे बारीक रवा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी थिजलेलं तूप. पातळ तूप घेऊ नकोस, पसरतात. तूप आणि साखर आधी हाताने पांढरी होईपर्यंत फेस. १६० वर १८-२० मिनिटं. बाहेर काढशील तेव्हा मऊ लागतील, घाबरून परत आत ढकलू नकोस, गार झाल्या की खुटखुटीत होतात. आणि ओंकार, सगळं एकाच वाटीने.

ओंकार: चमचे नगावर?

अनघावहिनी: ओंकार.

आप्पा: मुक्ताने काकडी चाखून बघितली का? तवसं कधी कडू निघतं.

नंदाकाकू: हो हे राहिलंच. दोन्ही टोकं कापून घासून फेस काढतात ते ठीक, पण किसण्याआधी मधला एक तुकडा चाखायचा. कडू असेल तर सगळं टाकून द्यायचं, गूळ घालून झाकायचं नाही. कडू दुधीसारखंच ते, पोटाला बाधतं

मुक्ता: इथली कडू नसते कधी. कसलीच चव नसते तिला.

नंदाकाकू: म्हणून किसात पाणी असलं तरी वास नाही यायचा. रवा २ चमचे तुपावर मंद भाज, रंग बदलेपर्यंत नको, वास सुटेपर्यंत. किस, त्याचं पाणी, गूळ एकत्र उकळ. मग खोबरं, मीठ, वेलची. मग रवा. एक वाफ काढ आणि मगच टिनमध्ये. कच्चं मिश्रण थेट ओव्हनमध्ये ठेवलं होतंस का

मुक्ता: हो...

नंदाकाकू: मग काय, रवा बिचारा भिजणार कधी

पुढचा रविवार

आप्पा: शुभ सकाळ. (कमळाचा फोटो)

मुक्ता: फोटो
मुक्ता: फोटो
मुक्ता: एका काकडीने भागलं नाही! किस ३ वाट्या, १५० मिलीच्या. तांदळाचा रवा घरी केला. डाव उचलून बघितला, पडत नव्हतं, नारळाचं दूध अर्धी वाटी घातलं. ५० मिनिटं लागली. रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी कापलं.

शमाआत्या: कडा बघा कशा तांबूस सुटल्यात! छान झाली हो तवसळी.

नंदाकाकू: छान झालंय धोंडस

विजूकाका: तळाची खरवड कोणी खाल्ली?

मुक्ता: मीच. उभ्या उभ्या, ओट्यापाशी. मंडळात नेलं तर एक कारवारच्या काकू म्हणाल्या आमच्याकडे पण करतात, पण फणसाची पानं खाली लावतात. आणि एक मालवणचे काका तूप मागत होते.

नंदाकाकू: बायना फोटो दाखवला. म्हणतायत तूप नाही दिसत वर

मुक्ता: पुढच्या वेळी, बाय! नक्की!

ओंकार: पिठी पण जमली. ४ पाकळ्या.

नंदाकाकू: शाबास. आणि मुक्ता, तुझ्या नादात एक घोळ झालाय. बाय सकाळपासून खोकतायत आणि औषधाचं टोपण सापडत नाहीये

सुहासदादा: वाटीत बघा.

नंदाकाकू: वाटी पण सापडत नाहीये