सिपोरेक्सच्या भिंतीवर पुल-अप बार बसवलाय का कोणी? (ठाणे, मानपाडा)

मानपाडा_१४वा_मजला

मंडळी, एक सल्ला हवाय. घरी भिंतीवरचा पुल-अप बार लावायचाय. आधी तो दाराच्या चौकटीत फिरवून घट्ट करायचा बार आणला होता, पण बाथरूमची चौकट ग्रॅनाइटची आहे तिथे तो सरकतो, आणि बेडरूमच्या लाकडी चौकटीत जरा जोर लावून फिरवला तर चौकटच सरकली, दोन दिवस दार लागेना, शेवटी आईने तो बार माळ्यावर टाकला आणि वर परत काढायचा नाही असं बजावलंय. जिम आहे पण संध्याकाळी घोडबंदर रोडवरून तिथे पोचेपर्यंत व्यायामाची इच्छाच मरते.

माझं वजन ७२, उंची ५ फूट ८. हॉलचं सिलिंग टाइल्सपासून ९ फूट २ इंच. ऑनलाइन जे बघितले त्यातल्या एकावर ३०० किलो लिहिलंय, मग ७२ ला काय प्रॉब्लेम असं मला वाटत होतं, पण एसी लावायला आलेला माणूस भिंतीत ड्रिल घालताना म्हणाला होता "साहेब ही सिपोरेक्स आहे, लोण्यासारखी जाते", तेव्हापासून जरा टरकलीये. घ्यावा का? आणि कोणता?

साइटवरचा_माणूस

भावा बार नंतर घे, आधी भिंत बघ. ते ३०० किलो त्या पाइपाचं आणि वेल्डिंगचं आहे, तुझ्या भिंतीचं नाही, तुझी भिंत त्यांनी बघितलीये कुठे.

आणि हिशोब नुसता ७२ चा नसतो. बार भिंतीपासून साधारण ६० सेमी बाहेर असतो, पाहिजेच तेवढा, नाहीतर वर जाताना गुडघे भिंतीला घासतात. समज ब्रॅकेटच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये अंतर आहे २५ सेमी. तू लटकलास की वरचे बोल्ट भिंतीतून बाहेर ओढले जातात, तो ओढ ७२ गुणिले ६० भागिले २५, म्हणजे १७३ किलोच्या आसपास. हे स्वस्थ लटकलास तर. झोके घेत मारलेस, किंवा उडी मारून बार पकडलास, तर अजून वाढलं. वरच्या बाजूला दोनच बोल्ट असतील तर प्रत्येकी ८६ किलो. त्यामुळे बार घेताना पहिलं ब्रॅकेटची उभी लांबी बघायची. आखूड ब्रॅकेटवाला बार दिसायला छान असतो पण सगळा ताण त्या वरच्या दोन बोल्टांवर येतो.

आता भिंत. सिपोरेक्स हे खरं कंपनीचं नाव, आपल्याकडे सगळ्याच एएसी ब्लॉकला तेच म्हणतात. हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक, म्हणून टॉवरमध्ये वापरतात. फास्टनर, म्हणजे भिंतीत ठोकायचा लोखंडी बोल्ट, भोकात फुगून कडांवर दाब देतो आणि त्या दाबावर धरून राहतो. काँक्रीटमध्ये मस्त पकडतो, ब्लॉकमध्ये दाब पडला की आतल्या आत भुगा होतो, आणि तुला बाहेरून काही कळत नाही, पहिले पंधरा दिवस सगळं घट्टच वाटतं.

कसली भिंत आहे ते ओळखायला एक छोटं भोक पुरतं, किंवा आधीच पडद्याच्या दांडीचं वगैरे असेल तर त्यातच बघ. पहिला अर्धा-पाऊण इंच प्लास्टर असतं, जिप्सम असेल तर पांढरी पूड येणारच, त्यावर जाऊ नकोस. त्याच्या पुढे लाल पूड आली तर वीट. फिकट, पिठासारखी मऊ आणि ड्रिल सरसर आत गेलं तर ब्लॉक. राखाडी पूड, ड्रिल ओरडतंय आणि पुढे सरकत नाहीये, तर काँक्रीट. भोक पाडायचं नसेल तर मेन बंद करून स्विचबोर्डची प्लेट काढ, आत बॉक्सच्या कडेला भिंतीचं पोट दिसतं.

बिल्डिंग मायवनची (साचे लावून भिंतीही काँक्रीटच्या ओतलेली) असेल तर सगळ्याच भिंती काँक्रीटच्या, मग तुझी चैन आहे, फक्त स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, आत वायरिंगचे पाइप ओतलेले असतात. पण तुझा एसीवाला लोणी म्हणाला म्हणजे तुझी नाहीये.

तुझ्यासाठी उपाय म्हणजे बीम, तो काँक्रीटचा असतो, फास्टनर त्यात मार. हॉल आणि बेडरूमच्या मधल्या भिंतीवर छताखाली बघ.

खारघर_तिसरा_मजला

वरच्यांनी भुग्याबद्दल लिहिलंय ते आमच्याकडे झालंय. मिस्टरांनी बार आणला, फर्निचरचं काम करणारा सुतार घरात होताच, त्याने ब्लॉकच्या भिंतीत भोकं पाडून प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि लाकडाचे लांब स्क्रू पिळून दिले, वर म्हणाला हत्ती लटकला तरी हलणार नाही. तिसऱ्या आठवड्यात हे सकाळी लटकले आणि बार, चार स्क्रू आणि पोळीएवढा प्लास्टरचा तुकडा असं सगळं घेऊन खाली आले. बेडच्या कडेवर माकडहाड आपटलं. महिनाभर ऑफिसला उशी घेऊन जात होते, आणि ऑफिसातले विचारायचे काय झालं तर सांगायचे बाइकवरून पडलो.

नंतर आरपार बोल्ट केले. भिंतीच्या पलीकडे मुलांची खोली आहे, तिकडून ५ मिमीची लोखंडी पट्टी लावली आणि १२ मिमीचे थ्रेडेड रॉड दोन्ही बाजूंनी नट-वॉशर लावून कसले. चार वर्षं झाली, मी पण लटकते, पाठ मोकळी होते. पट्ट्या मुलांच्या कपाटाच्या मागे गेल्या त्यामुळे दिसत नाहीत.

साइटवरचा_माणूस

@खारघर तुमची भिंत ६ इंची असणार. आरपार आणि मागे पट्टी हा ब्लॉकमधला चांगला मार्ग आहे, ओढ पट्टीभर पसरतो. पण ४ इंची पार्टिशनवर हे करू नका कोणी, तिथे बोल्ट टिकेल पण अख्खी भिंतच हलायला लागते.

नौपाडा_जुनी_बिल्डिंग

आमच्या वेळी याला सिंगल बार म्हणायचे आणि तो तालमीच्या अंगणात जमिनीत गाडलेला असायचा, दोन खांब आणि वर एक पाइप, पावसाळ्यात गंजला की पॉलिश पेपर मारायचा. पोलीस भरतीची पोरं पहाटे पाचला रांग लावायची. आता तुमच्या घोडबंदरला बागेबागेत महापालिकेची ओपन जिम झालीय, उपवनला तर तळ्याकाठी फिरून पण होतं, मग घरात कशाला भोकं पाडायची हे मला कळत नाही. असो.

माझ्याकडे आहे पण बार. जुनी ९ इंची विटांची भिंत आहे म्हणून लावला. विटेच्या मधोमध भोक पाडा, सांध्यात नको, सांध्यातला माल जुना झाला की भुसभुशीत होतो. आणि फोमची पकड असलेला बार घेऊ नका. आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत तो फोम चिकट होतो आणि हाताला काळं लागतं. नुसता पाइप बरा, घाम आला तर खडूची पूड लावा.

सेक्रेटरीचं_काम_नको_होतं

मी आमच्या सोसायटीत सेक्रेटरी आहे, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून. बीम ऐकून धस्स झालं. एक-दोन भोकांनी बिल्डिंग पडत नाही हे मलाही माहितीय, पण आज एकाने बार लावला की उद्या दुसरा झोपाळ्याचे हुक मारतो आणि परवा तिसरा एसीच्या पाइपसाठी बीमला बोगदा पाडतो. तेव्हा अर्ज द्या, कुठे किती भोकं ते लिहा. कॉलमला हात लावू नका. बाल्कनीचा बाहेर आलेला बीम तर अजिबात नको. स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असेल तर छतातही नको, आत ताणलेल्या केबल असतात. बिल्डिंग १५ वर्षांच्या वर असेल तर दर ५ वर्षांनी आणि ३० च्या वर असेल तर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, तो शेवटचा रिपोर्ट कमिटीकडून मागून बघा, बीमला तडे लिहिले असतील तर विषयच सोडा.

आणि दुपारी २ ते ४ ड्रिल नको. खालच्या मजल्यावरची माणसं मला फोन करतात, तुम्हाला नाही.

मानपाडा_१४वा_मजला

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. स्विचबोर्ड उघडला, आत फिकट राखाडी, नखाने खरवडलं तर निघालं. ब्लॉकच. वर भिंतीला बीम आहे, छतापासून १६ इंच खाली आलाय. अर्ज दिला, कमिटीने चार भोकांना होकार दिला, बिल्डिंग नऊ वर्षांची आहे.

आता नवीन अडचण. रेडिमेड बार बघितले त्यात बार प्लेटच्या वरच्या टोकाच्या लेव्हलला असतो. प्लेट बीमवर लावली की बार जातो जवळजवळ पावणेनऊ फुटांवर, म्हणजे हनुवटी बारच्या वर नेली की डोकं स्लॅबवर. काय करू?

साइटवरचा_माणूस

मग रेडिमेडचा नाद सोड. वागळे इस्टेटला कुठल्याही फॅब्रिकेटरकडे जा, प्लेट वर बीमला आणि हात तिरके खाली उतरवून बार साडेसात फुटांवर आणायला सांग. प्लेट ६ मिमीची, आणि हात जिथे प्लेटला मिळतो तिथे त्रिकोणी आधार वेल्ड करायला लाव. पाइप पाऊण इंची सांगितलास तर बाहेरून २६.९ मिमी येतो, हाताला जरा बारीक. एक इंची ३३.७, जरा जाड. मी एक इंची घेईन, पंजा तयार होतो.

बीमच्या तळाशी मुख्य सळया असतात म्हणून खालचा बोल्ट तळापासून ४ इंच तरी वर घे. वरचा १३ इंचांवर. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून भिंतीला चिकटव. ड्रिल करताना आवाज बदलला, टणटण यायला लागलं आणि चमकणारा कीस दिसला की सळई लागली, तिथेच थांबायचं, जोर करून कापायची नाही, सगळा साचा दीड-दोन इंच सरकवायचा आणि ते भोक ग्राउटने बुजवायचं. हिल्टी (काँक्रीट फोडणारं मोठं ड्रिल) भाड्याने मिळते, घरातल्या छोट्या ड्रिलने काँक्रीटमध्ये रडशील. एम १० चे फास्टनर, १०० मिमी लांब. प्लास्टरची जाडी पकडीत धरायची नाही, काँक्रीटच्या आत ६० मिमी तरी गेला पाहिजे.

आणि भोक पाडल्यावर आतली पूड काढ. फुंकून नको, डोळ्यात जाते, सायकलचा पंप वापर.

मानपाडा_१४वा_मजला

बसवला काल! फॅब्रिकेटरने दोन दिवसांत दिला, काळा रंग मारून. पहिल्याच भोकाला सळई लागली, आवाज खरंच बदलतो, साचा दोन इंच डावीकडे घेतला. बाबा स्टुलावर, मी शिडीवर, खाली आई झाडू घेऊन.

लटकायच्या आधी २५ किलोच्या तांदळाच्या दोन गोण्या दोरीने बांधून रात्रभर ठेवल्या. सकाळी बघितलं तर तीन बोल्ट जसेच्या तसे, पण उजवीकडचा वरचा नट फिरतोय. कसला की नुसता गोल गोल, घट्टच होत नाही. त्या भोकात ड्रिल जरा हललं होतं. अजून लटकलो नाहीये.

साइटवरचा_माणूस

बरं केलंस. लटकू नकोस. भोक मोठं झालंय, फास्टनर फुगला तरी कडांना पोचत नाहीये. नटाखाली मोठा स्क्रूड्रायव्हर घालून फास्टनर बाहेर ओढून धर आणि तसाच कस, कधीकधी पकडतो. नाही पकडला तर तो काढून टाक, भोक ब्रशने आणि पंपाने दोन-तीनदा साफ कर, आणि त्यात केमिकल अँकर (कार्ट्रिजमधून भरायचा, सुकून कडक होणारा गोंद) भरून थ्रेडेड रॉड बसव. केमिकल भोकाच्या आतल्या टोकापासून भरत बाहेर यायचं, रॉड फिरवत फिरवत घालायचा, म्हणजे हवा राहत नाही. सुकायला किती वेळ ते कार्ट्रिजवर तापमानाप्रमाणे लिहिलेलं असतं, तेवढा वेळ रॉडला हात लावायचा नाही.

मानपाडा_१४वा_मजला

ओढून बघितलं, नाही पकडत. जांभळी नाक्याला एका हार्डवेअरवाल्याकडे कार्ट्रिज आहे म्हणे, उद्या आणतो. तांदूळ सोडून घेतले, आईला भात लावायचा होता.