‘यूएक्स संपलं, सीएनसी शिका’ म्हणणाऱ्या काकांना

शहापूरची_पोरगी:
काल इथंच एका काकांनी लिहिलं, ‘एआय दोन मिनिटांत ॲपची स्क्रीन काढतं. यूआय-यूएक्सचा (ॲप दिसायला आणि वापरायला कसं असावं ते ठरवायचा) कोर्स करणं म्हणजे पैसे मार्कंडेय नदीत सोडणं. बेळगावच्या पोरांनी उद्यमबागेतल्या कारखान्यांत सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) शिकावं.’ खाली सगळ्यांचे अंगठे!

मी यूएक्सच्याच कामावर पोट भरते, म्हणून गप्प बसवत नाही. स्क्रीन काढणं हा आमच्या कामातला सगळ्यात सोपा भाग. उद्यमबागेतल्याच एका कारखान्यात डिस्पॅचचं (माल पाठवल्याची नोंद करायचं) ॲप होतं, पण सगळे वहीतच लिहायचे. पाळीभर तिथं उभी राहिले तेव्हा कारण कळलं. चलनाचा (गाडीसोबत जाणाऱ्या मालाच्या कागदाचा) नंबर टाकल्याशिवाय ॲप पुढं जात नव्हतं, आणि चलन तर गाडी भरून झाल्यावर बनायचं. त्यात हातमोजे घालून दाबता येणार नाहीत इतकी बारीक बटणं. हे एआयला ऑफिसात बसून कोण सांगणार होतं?

उद्यमबागकर:
तो काका मीच. ताई, काम चांगलं केलंस, खरं तुला आधीचा अनुभव होता. माझा भाचा कोर्स करून बेंगळुरूत बसलाय. फ्रेशरच्या जाहिरातीत दोन वर्षांचा अनुभव मागायलेत. एका कंपनीनं टेस्ट म्हणून अख्ख्या चेकआउटचं (पैसे भरायच्या स्क्रीनचं) डिझाइन फुकटात करून घेतलं, आता फोन उचलंनात. आणि ज्या फिग्मा सॉफ्टवेअरवर हे डिझायनर स्क्रीन काढतात, त्या फिग्मानंच मे २०२५ मध्ये ‘मेक’ आणलं. वाक्य टाइप करा, प्रोटोटाइप (ॲपचा चालता नमुना) तयार. नवशिक्यानं मग करायचं काय?

पिक्सेल_निपाणी:
फोटोशॉपवाल्या ॲडोबीनं २०२२ मध्ये फिग्मा विकत घ्यायला २,००० कोटी डॉलर मोजायची तयारी दाखवली होती. मरायला टेकलेल्या धंद्यात एवढा पैसा कोण घालतं काका?

उद्यमबागकर:
पैसा हत्याराला होता, ते चालवणाऱ्याला नव्हे. आणि डिसेंबर २०२३ मध्ये सौदा मोडला, तेही लिही की.

पिक्सेल_निपाणी:
युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांनी अडवला म्हणून मोडला. असो, हत्याराचा मुद्दा घ्या तुमच्या पदरात.

खानापूरकर:
मूळ दुखण्यावर कुणी बोलंना. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळानं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण द्यायचं विधेयक मंजूर केलं. व्यवस्थापनात ५० टक्के, बाकी जागांत ७०. आणि स्थानिक कोण? इथं जन्मून पंधरा वर्षं राहूनही ज्याला कन्नड बोलता-लिहिता-वाचता येतं तोच. आमच्या मराठी पोरांनी फिग्मा शिकून काय उपयोग?

कॅम्पातला_एक:
ते विधेयक उद्योगवाल्यांनी ओरड केल्यावर लगेच थांबवलं. शिवाय दहावीला कन्नड विषय असला तरी त्यात चालत होतं, आणि आपल्या मराठी माध्यमात तो असतोच. मी शिकलोय.

खानापूरकर:
शिकलास ना? मग जमिनीचा उतारा तरी मराठीत मिळायलाय का तुला? १९५६ पासून आमची तीन पिढ्यांची...

कॅम्पातला_एक:
उताऱ्याचा आणि डिझायनरच्या इंटरव्ह्यूचा संबंध काय? तिथं इंग्रजीत ‘हे बटण इथं का ठेवलं’ विचारतात आणि आपली पोरं गप्प होतात. मी स्वतः गप्प झालो होतो. त्याला सीमाप्रश्न जबाबदार नाही.

खानापूरकर:
तुझ्यासारख्यांमुळंच आज ही वेळ आली.

कॅम्पातला_एक:
तुमची नातवंडं कुठल्या माध्यमात आहेत, सांगता का?

खानापूरकर:
घरापर्यंत जायचं काम नाही!

शहापूरची_पोरगी:
दोघंही जरा थांबा. भाषेवर आलाच आहात तर ऐका. त्या कारखान्यात निम्मे ऑपरेटर कन्नड बोलणारे, निम्मे मराठी. आधीचं ॲप बेंगळुरूच्या टीमनं इंग्रजीत करून दिलं होतं, इथं पाऊल न ठेवता. मला दोन्ही भाषांत विचारता आलं म्हणून चलनाची भानगड सापडली. काका, नवशिक्यांसाठी दार जवळजवळ बंद आहे, हे मला मान्य. नुसत्या स्क्रीन काढणाऱ्याला मी पण या धंद्यात ये म्हणणार नाही. खरं असले कारखाने, दवाखाने, पतसंस्था इथं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्याकडं कुणी जात नाही.

उद्यमबागकर:
म्हणजे मशीनजवळ पाळीभर उभं राहावंच लागतं. मग आधी सीएनसी शिका म्हटलं, त्यात माझं काय चुकलं?

शहापूरची_पोरगी:
बरं, तुम्ही जिंकलात. भाच्याचा पोर्टफोलिओ (कामाचे नमुने) पाठवा. त्यात जेवण मागवायच्या ॲपचं तेच ते रीडिझाइन असेल तर आधी काढून टाकायला सांगा.

उद्यमबागकर:
दोन आहेत तसली.