नामचेच्या वर, सावकाश

प्रश्न: नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्प नको, त्या भागातली नामचे, खुमजुंग, थामे ही शेर्पा गावं निवांत पाहायचीत. मुक्काम कसे ठेवावेत, गावात काय पाळावं?

उत्तर १: लुक्लाहून (विमान इथे उतरतं) पहिली रात्र फाकडिंगला, मग नामचेत (३४४० मीटर) दोन रात्री. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. डोकं दुखतंय तर वर चढायचं नाही. वाढलं तर लगेच खाली.

उत्तर २: मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत) कायम उजव्या हाताला ठेवा. याक किंवा झोप्क्यो (याक-गायीचा संकर) ओझी घेऊन आले की डोंगराच्या अंगाला थांबा. दरीच्या कडेला उभं राहिलं की जनावरांच्या पाठीवरच्या ओझ्याचा धक्का बसतो आणि माणूस खाली जातो. आणि शेर्पा घरातली चूल पवित्र, तिच्यात कचरा टाकू नका!

उत्तर ३: राहाल तिथेच जेवा. खोलीचं भाडं कमी असतं, लॉज चालतं स्वयंपाकघरावर. सगळ्यांनी एकदम डाळभात सांगितला तर इंधनही वाचतं.