थायरॉईडची गोळी चालू असताना रक्तदान चालतं का?

मंडळी, मदत हवीये. गणपतीत आमच्या सोसायटीत रक्तदान शिबिर आहे. माझं वय ३४, वजन ४८ किलो म्हणजे ३५० मिलीची पिशवी चालते, हिमोग्लोबिन १२.९ (१२.५ लागतं), बीपी शुगर नॉर्मल, टॅटू नाही, आधीच्या रक्तदानाला चार महिने कधीच उलटून गेलेत. अडचण एकच, थायरॉक्सिन ५० चालू आहे. मागच्या शिबिरात फॉर्मवर गोळीचं नाव दिसलं आणि टेबलावरच्या मुलाने "नाही चालणार मॅडम" म्हणून सरळ काटच मारली, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) किती ते विचारलंसुद्धा नाही. आमचे डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल असेल तर खुशाल द्या. टीएसएच ३.१ आहे, डोसही बऱ्याच दिवसांत बदललेला नाही. रक्तपेढीत काम करणारं कोणी आहे का इथे, रिपोर्ट किती जुना चालतो आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते का?