‘पान’ या शब्दाची मुळे

प्रश्न: जपानी भाषेत पावाला ‘पान’ म्हणतात. आपल्या झाडाच्या पानाशी त्याचा काही संबंध असावा का?

उत्तर: संबंध नाही. मराठी ‘पान’ संस्कृत ‘पर्ण’पासून प्राकृत ‘पण्ण’मार्गे आले, आणि विड्याचे, पुस्तकाचे किंवा पंगतीत वाढलेले पान हे सारे त्याच पानाचे विस्तार होत. जपानी ‘पान’ मात्र १५४३ नंतर तेथे गेलेल्या पोर्तुगीजांच्या पावावाचक शब्दावरून रूढ झाले.

दुसरे उत्तर: आपला ‘पाव’ही त्याच पोर्तुगीज शब्दाचा असल्याने, लॅटिन ‘पानिस’च्या वंशातली ही सख्खी भावंडे ठरतात, याचा मला फार आनंद वाटतो. पावशेरातला ‘पाव’ वेगळा. तो संस्कृत ‘पाद’चा.

तिसरे उत्तर: पोलिश भाषेत ‘पान’ म्हणजे श्रीयुत.