चाळीस जणांच्या ऑफिसलाही डिरेक्टरी हवी

‘माणसं चाळीसच, मग डिरेक्टरी सर्व्हर (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एकाच ठिकाणी सांभाळणारा सर्व्हर) कशाला?’ असं एकाने विचारलंय. माझ्या मते हवाच. कोणी नोकरी सोडली की त्याचं लॉगिन किती ठिकाणी बंद करावं लागतं, ते मोजून बघा. भोसरीतल्या एका कारखान्यात मी हे काम बघायचो. ईमेल, फाइल सर्व्हर, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय), सगळ्यांचे पासवर्ड वेगळे. स्टोअरमधला एक जण सोडून गेला, तरी तीन महिने त्याचं व्हीपीएन चालूच होतं.

एलडॅप (डिरेक्टरीशी बोलायची एक ठरलेली पद्धत) लावणार असाल तर नुसतं साधं बाइंड, म्हणजे नाव-पासवर्ड थेट पाठवून केलेलं लॉगिन, वापरू नका. त्यात पासवर्ड ३८९ पोर्टवरून उघडाच जातो. स्टार्टटीएलएस लावा (त्याच पोर्टवर टीएलएस, म्हणजे सांकेतिक रूपात बोलणं, सुरू होतं), नाहीतर ६३६ पोर्टवरचं एलडॅप्स, म्हणजे पहिल्यापासून टीएलएसमधलं एलडॅप. जुना स्कॅनर टीएलएस जाणत नाही म्हणून सगळ्यांसाठी दार उघडं ठेवणं मला अजिबात पटत नाही.

लॉगिनची दुसरी पद्धत केर्बेरॉस. तिच्यात पासवर्ड नेटवर्कवरून जातच नाही, तिकीट मिळतं, म्हणजे ठरावीक मुदतीचा डिजिटल परवाना. पण घड्याळं जुळलेली लागतात. सहसा ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. एका गुरुवारी लाइट गेली. परत आली तेव्हा फाइल सर्व्हरचं घड्याळ मागे पडलेलं, बोर्डवरचा बटन सेल संपला होता. शेअर फोल्डर कुणालाच उघडेना. दीड तास मी लोकांना पासवर्ड बदलून देत बसलो आणि पासवर्ड मुळात बरोबरच होते! घड्याळं आपोआप जुळवणारं एनटीपी पहिल्याच दिवशी लावा.

आणखी एक: खातं बंद केलं तरी फाइल सर्व्हरसारख्या एखाद्या सेवेसाठी आधी घेतलेलं केर्बेरॉसचं तिकीट मुदत संपेपर्यंत चालू शकतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीत) ही मुदत मुळात १० तासांची असते. म्हणून माणूस नोकरी सोडताना त्याची चालू सत्रंही (उघडी लॉगिनं) तोडा.